शिंपल्यांच्या खिडकीतला उजेड

ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला.

"रात्री किती वाजता झालं हे?"

रात्र नव्हतीच.

भर सकाळ होती. शनिवार होता. समोरच्या चौकात मुलं सायकली फिरवत होती, आणि चर्चच्या पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, मोलो भागातल्या एका जुन्या घराच्या माडीवर हे घडलं. तिथे आम्ही चौघी होतो. त्यातली एक आता धड बोलू शकत नाही. एक बोलायला तयार नाही. तिसरी माझी चुलत बहीण, ती विषय काढला की उठून जाते.

राहिले मी.

माझं नाव आनालिन. मी नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे फोटो काढते. फ्लॅश नाही, मोठे दिवे नाहीत. फक्त खिडकीतून येणारा उजेड. माझ्यासोबत असते माझी चुलत बहीण, मनांग निलदा. मनांग म्हणजे ताई. ती पूर्वी नर्स होती. मी फोटो काढते आणि ती बाळ सांभाळते. तिचा एक हात कायम बाळाच्या अंगावर असतो. कायम. फोटोतून तो हात मी नंतर काढून टाकते.

आधी आम्ही लोकांच्या घरी जायचो. चार वर्षांपूर्वी ठरवलं, आता स्वतःची जागा घ्यायची.

जागा बघायला मी एक पांढरं अंडं घेऊन जायचे. खिडकीजवळ ठेवायचं आणि त्याच्यावरची सावली बघायची. अंड्यावर उजेड जसा पडतो, तसाच बाळाच्या गालावर पडतो.

पहिली जागा पश्चिमेची निघाली. अंडं केशरी दिसलं. दुसऱ्या जागेसमोर शेजाऱ्याचं हिरवं छप्पर होतं. अंडं हिरवं.

"या खोलीत बाळ काकडीसारखं दिसेल," मनांग निलदा म्हणाली.

तिसरी जागा मोलोची.

खाली घरमालकीण राहायची. ऐंशीच्या घरातली म्हातारी. सगळे तिला लोला पुरिता म्हणायचे. लोला म्हणजे आजी. सोबत तिची नात जेसा. जेसाला सातवा महिना होता.

"माडी बघायची तर बघा," लोला पुरिता खुर्चीतून म्हणाली. "पण मला वर बोलावू नका. गुडघे गेलेत माझे."

जेसा आम्हाला वर घेऊन गेली. लाकडी जिना, एकच दार. आत मोठी रिकामी खोली. नव्या जागेत पाऊल टाकण्याआधी आम्ही परवानगी मागतो. जे दिसत नाहीत, त्यांची. मनांग निलदाने उंबऱ्यावर थांबून ती मागितली.

मग जेसाने पडदा सारला.

उत्तरेकडे भिंतभर खिडकी होती. काचेची नव्हे, शिंपल्यांच्या चौकोनी तावदानांची. उजेड त्यातून गाळून येत होता. दुधासारखा.

मी अंडं ठेवलं. इतकी मऊ सावली मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"हीच," मी म्हणाले.

"आधी काय होतं गं इथे?" मनांग निलदाने विचारलं.

"माझी लोला सुईण होती ना," जेसा अभिमानाने म्हणाली. "इथेच बायका बाळंत व्हायच्या. अर्धं मोलो या खोलीत जन्मलंय, मनांग."

आम्हाला तर तो शुभशकुन वाटला.

पहिलं बाळ आलं, ते जिन्यावरच टाहो फोडत होतं. आई रडकुंडीला आलेली. बाप घामाघूम. खोलीत पाऊल टाकलं आणि...

बाळ गप्प.

एकदम गप्प. जणू कुणीतरी त्याला आईच्या हातातून उचलून घेतलं होतं.

"काय नशीब आहे तुझं, इंदाय!" मनांग निलदा मला म्हणाली. धाकट्या बहिणीला आम्ही इंदाय म्हणतो.

दुसरं बाळही तसंच. तिसरंही.

महिनाभर आम्ही हसतच होतो. मग एक दिवस मनांग निलदाचं हसू थांबलं.

"एक बघ," ती कुजबुजली. "सगळी बाळं मान तिकडेच वळवतात."

तिकडे म्हणजे खिडकीच्या डाव्या कोपऱ्याकडे.

"उजेडाकडे बघत असतील."

"उजेड उजवीकडून येतोय, आनालिन. आणि या वयात त्यांना हातभर अंतराच्या पलीकडचं धड दिसत नाही. मग ही बघतात कुणाला?"



त्या दिवसापासून फोटो तपासताना मला एक गोष्ट दिसू लागली. प्रत्येक बाळाच्या फोटोंमध्ये एखादा फोटो काळवंडलेला निघायचा. ढग आल्यासारखा नव्हे. ढगाने सगळी खोली अंधारते. इथे फक्त बाळावरचा उजेड गेलेला असायचा...

खिडकी आणि बाळ यांच्यामध्ये कुणी वाकून उभं राहिल्यासारखा.

आणखी एक. वर बाळ आलं की खाली लोला पुरिता रेडिओ मोठ्याने लावायची. इतक्या मोठ्याने की जमीन थरथरायची. आमच्या बाळांचा आवाज तर होतच नव्हता. मग तिला काय ऐकायचं नव्हतं?

जेसा बाळंत झाली. मुलगी झाली. नाव ठेवलं इया.

"पहिले फोटो तुमच्याकडेच काढायचे, मनांग," जेसा म्हणाली. "घरच्या घरी."

शनिवारी सकाळी ती इयाला घेऊन निघाली, तर लोला पुरिता जिन्यासमोर खुर्ची टाकून बसलेली.

"हिला वर न्यायचं नाही."

"का, लोला?"

"खाली काढा फोटो."

"खाली अंधार आहे. आणि आनालिन मनांग दिवे वापरत नाही."

"मग नकोत फोटो! फोटो नसले म्हणून पोर मोठी व्हायची राहते का?"

"लोला, अख्ख्या गावाची पोरं वर जाऊन आली. माझ्याच पोरीचं काय वाकडं होणार आहे?"

जेसा खुर्चीला वळसा घालून वर निघाली. मी म्हातारीचा चेहरा पाहिला. ती चिडलेली नव्हती.

ती घाबरलेली होती.

वर आल्यावर इया रडली नाही. डोळे मिटून होती. मनांग निलदाने तिला पांढऱ्या कापडात घट्ट गुंडाळलं, फक्त चेहरा उघडा. गादीवर ठेवलं. हात छातीवर. जेसा दाराला टेकून बसली होती. दुसरं दार त्या खोलीला नाही.

मी फोटो काढत होते. छान येत होते.

आणि मग...

खालचा रेडिओ बंद झाला.

चौकातला मुलांचा आवाज बंद झाला.

मी कॅमेऱ्यातून डोळा काढला. खिडकीतला उजेड डावीकडून विझत येत होता. एकेक तावदान. कुणीतरी खिडकीवरून हळूहळू चालत जावं तसा. एका फटीतून मला चर्चच्या पायऱ्या दिसत होत्या. त्यांच्यावर लख्ख ऊन होतं.

खोलीत मात्र मला माझे हात दिसेनात.

"मनांग?" मी म्हणाले.

"माझा हात आहे बाळावर," अंधारातून मनांग निलदाचा आवाज आला. "घाबरू नकोस. हात आहे माझा."

उजेड परत आला. एकदम.

मनांग निलदाचा हात तिथेच होता. हाताखाली कापड होतं. तसंच गुंडाळलेलं, तसंच घट्ट, बाळाच्या आकाराचं...

पोकळ.

तिने हात उचलला आणि ते कापड हळूच खाली बसलं.

जेसाची किंकाळी मी कधी विसरणार नाही. तिने गाद्या उलथल्या. टोपल्या रिकाम्या केल्या. पडदे ओढून काढले. मी जमिनीवर पालथी पडून कपाटाखाली हात फिरवत होते. मनांग निलदा जागची हलली नाही. आपल्या तळहाताकडे बघत राहिली.

तेवढ्यात जिना वाजला.

लोला पुरिता वर येत होती. रांगत. हात टेकत. दारात येऊन ती उभी राहिली आणि थेट खिडकीच्या डाव्या कोपऱ्याकडे बघू लागली.

"फेलिसा," ती म्हणाली. "पोर दे."

आम्हाला तिथे कुणीच दिसत नव्हतं. आम्हाला फक्त लोला पुरिताची वाक्यं ऐकू येत होती. मध्ये मध्ये ती थांबायची. ऐकायची.

"सांगितलं होतं ना तुला तेव्हाच. तुझं बाळ मेलेलंच जन्मलं होतं."

ती ऐकत राहिली.

"तू या खिडकीतून उडी टाकलीस, त्यात माझा काय दोष? मी ढकललं होतं का तुला?"

टक्...

एक तावदान तडकलं.

मग दुसरं. मग तिसरं. डावीकडून एकेक शिंपला तडकत आमच्याकडे येऊ लागला.

"लोला, काय हवंय तिला?" जेसा ओरडली. "सांग ना! जे हवंय ते सांगून टाक!"

म्हातारी मटकन खाली बसली.

"बरं... बरं. जिवंत होती. मुलगी होती. रडायला लागली म्हणून मी तोंडावर हात ठेवला आणि खाली घराच्या मागच्या दाराने नेली. तुला नवरा नव्हता, घर नव्हतं. तू काय सांभाळणार होतीस तिला? मी तुझं भलंच केलं, फेलिसा!"

तावदानं तडकायची थांबली.

म्हातारी मान वाकडी करून ऐकत होती.

"कुणाला ते नाही आठवत. बोटीने आलेलं जोडपं होतं. नाव नाही विचारलं मी." आणि मग रडत, "खरंच नाही आठवत गं. कुठून सांगू?"

खूप वेळ काहीच झालं नाही.

आम्ही वाट बघत होतो. मला वाटलं, संपलं.

आणि त्या चपट्या कापडातून...

बाळाचं रडणं आलं.

कापड भरलेलं होतं. हात-पाय हलत होते. जेसाने झडप घालून बाळ उचललं, छातीशी धरलं, मुके घेत सुटली. कापड सुटून खाली पडलं. बाळाच्या पोटावर एक पट्टी बांधलेली होती. पिवळट पडलेल्या जुन्या सुती कापडाची. पूर्वी सुइणी नाळेवर बांधायच्या तशी. आजकाल ती कुणी बांधत नाही. आम्ही तर नव्हतीच बांधली.

लोला पुरिता सरकत सरकत जवळ आली. बाळाकडे बघितलं.

आणि भिंतीपर्यंत मागे गेली.

"ही आपली नाही."

"लोला, गप्प बस."

"जेसा, ही आपली नाही! ही पट्टी मी बांधलेली आहे. माझ्या हाताची गाठ आहे. ही तिची पोर आहे. आपली तिने ठेवून घेतली!"

"गप्प बस म्हणते ना!"

आम्ही त्याच दिवशी सामान हलवलं. पण एक काम राहिलं होतं.

फोटो.

आठवडाभर मी त्यांना हात लावला नाही. मग एका दुपारी मनांग निलदाला शेजारी बसवून ते उघडले. अंधार पडण्याआधीचे बरेच होते. नंतरचा एकच, पडदे ओढताना कॅमेऱ्याला धक्का लागून निघाला असावा, असं आधी वाटलं. पण त्यात जेसा बाळाला छातीशी धरून होती, म्हणजे तो बाळ परत आल्यानंतरचा. कसा निघाला, ते मला अजून कळलेलं नाही.

मी दोन्ही मोठे केले. शेजारी शेजारी ठेवले.

आधीच्या फोटोत बाळाच्या उजव्या कानाची वरची कड आत दुमडलेली होती. नंतरच्या फोटोत कान सरळ होता.

"पोटात दबल्यामुळे दुमडतो कान," मनांग निलदा म्हणाली. "होतो सरळ."

"किती वेळात?"

"दोन-चार दिवसांत."

"मनांग, या दोन फोटोंमध्ये अर्धा तासही गेलेला नाही."

तिने कपाळावर, छातीवर क्रूस काढला आणि उठून गेली. ती उठून जायला लागली ती तेव्हापासून.

आज मला वाटतं, आम्ही आणलेल्या कुठल्याच बाळाशी फेलिसाला देणंघेणं नव्हतं. ती त्यांना जवळ घेत होती, बघत होती आणि ठेवून देत होती. तिला पुरिताच्या घरचं बाळ हवं होतं. त्यासाठी ती थांबून होती.

दोन महिन्यांनी मी जेसाकडे गेले. फोटो दाखवणं मला भाग होतं. आई होती ती.

तिने बाळ खांद्यावर घेतलेलं होतं. दोन्ही फोटो तिने खूप वेळ बघितले.

"बाळांचे कान बदलतात, मनांग," ती म्हणाली.

"हो. बदलतात."

आतल्या खोलीतून खण उघडल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग लोला पुरिताचा घोगरा आवाज. "कुठे ठेवलीस गं... माझ्या इयाला कुठे ठेवलीस..." दिवसभर तेच चालायचं. कपाटं, खण, तांदळाचा डबा. चाळीस वर्षांपूर्वी फेलिसाने याच घरात असंच शोधलं असणार.

जेसाने मागे न बघता आतल्या दाराला बाहेरून कडी घातली.

"माझं दूध ती घेत नाही, मनांग," ती हळूच म्हणाली. "पहिल्या दिवसापासून तोंड फिरवते. बाटलीही घेत नाही. तरी डॉक्टर म्हणतात, वजन छान वाढतंय."



"जेसा, तू..."

"ही माझी मुलगी आहे." तिने बाळाला घट्ट धरलं. "ते आधीचे फोटो पुसून टाका. आणि परत येऊ नका."

मी हो म्हणून आले.

तीन वर्षं झाली. अजून पुसले नाहीत.

कधी कधी दुपारी पुसायला बसते. दुमडलेल्या कानाचं ते बाळ समोर झोपलेलं असतं. मी बोट बटणावर नेते...

आणि थांबते.

कारण हे पुसलं, तर त्या बाळाचं या जगात काहीच उरणार नाही.