लल्ला झहराची चाल

त्या दिवशी वारा असा सुटला होता, की किनाऱ्यावरच्या सावीरा गावातल्या बायका भिंतीला धरून चालत होत्या. यामना अंगभर गुंडाळलेला हायक सावरत लाकूडकामाच्या एका दुकानात आडोशाला शिरली. त्या पांढऱ्या कापडातून तिचा एक डोळा तेवढा दिसत होता.

"ये यामना," पेटी घासता घासता जिलाली म्हणाला.

तिने कापड आणखी ओढून घेतलं. नळावरची नजरानजर सोडली, तर दोघं कधी बोललेही नव्हते.

"मी यामना नाही."

"मग तिची चाल चोरलीस."

"चालीवर काय नाव लिहिलेलं असतं?"

तो उठला, अंगावर चादर ओढून चालू लागला. डावा खांदा पुढे, दोन पावलं भराभर, मग एक रेंगाळलेलं... आणि हनुवटीने कापड दाबायची ती लकब. यामनाने स्वतःला चालताना कधी पाहिलं नव्हतं. तरी हायकच्या आत तिचा डावा खांदा आपोआप हलला – ही तर मीच.

"कधी शिकलास?"

"शिकलो कुठे? डोळ्यांतून जातच नाही."

तिला हसू आलं, पण टिकलं नाही. समोरच्या टपरीवर तिचा भाऊ हम्मादी चहा घेत उभा होता.

"तू ओळखलंस, तर तो ओळखणारच. इथे सापडले, तर त्या दुसऱ्या मुलाशी शुक्रवारी ठरायची माझी सोयरीक आजच उरकतील."

"माझ्या आईसारखी चाल," जिलाली कुजबुजला. "गुडघे धरलेत तिचे. अशी... बदकासारखी. मी म्हटलं असं तिला सांगू नकोस."

"आधी इथून सुटू दे."

"सुटलीस, तर उद्या आईला घरी पाठवू?"

तिने होकारार्थी मान हलवली आणि डुलत बाहेर पडली. पावलं सारखी धावू पाहत होती, ती त्यांना आवरत होती. हम्मादी बाजूला सरकला.

"सलाम, लल्ला झहरा. गुडघे कसे आहेत?"

ती नुसती खोकली. वळणापर्यंत डुलत गेली, मग भिंतीला टेकून श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी लल्ला झहरा मागणीचा साखरेचा सुळका घेऊन दारात आली.

"काल बोलला नाहीत, लल्ला?" हम्मादीने विचारलं.

"घसा बसला होता रे बाळा."

मुलाचं नाव ऐकून बाबांनी त्याच्या कामाची चौकशी केली. शेवटी बाबांनी सुळका आपल्याकडे ओढून घेतला. शुक्रवारची सोयरीक तिथेच मोडली.

निघताना लल्ला झहरा यामनाच्या कानाशी वाकली. जरा दुखावल्यासारखीच म्हणाली,

"खरं सांग गं... मी इतकी डुलते?"