चार टाचण्या

शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या हातातलं ओढून घेऊ नये, एवढी साधी अक्कल ज्याला नाही त्याला शिक्षक कुणी केलं कोण जाणे! ती बिचारी माउसवर हात ठेवून नीट विचार करत असायची – आणि हा मागून यायचा, "सरका जरा" म्हणायचा, माउस ओढायचा आणि टकटक टकटक... "असं, मग असं, आणि हे असं. कळलं?"

कळतंय कसलं! समोरच्याच्या ताटातलं आपण जेवायचं आणि वर त्यालाच विचारायचं, पोट भरलं का?

त्यात आणखी एक भानगड होती. माउस ओढताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागायची. अर्धा क्षण... पण त्या अर्ध्या क्षणानंतर तो काय बोलला ते तिला ऐकूच यायचं नाही. मग ॲनिमेशन डोक्यात शिरणार कुठून?

ती मुळात शिकायला आलीच नव्हती. आत्याच्या शिवणकामाच्या दुकानात वाढलेली पोर. दुपारचं ऊन कॉम्प्युटरवर पडतं म्हणून क्लासवाल्यांना पडदे हवे होते, त्यांचं माप घ्यायला आली होती. खिडकीला टेप लावता लावता तिची नजर एका स्क्रीनवर गेली. लाल चेंडू वरून खाली येऊन टप्पा घेत होता.

"हा चेंडू पडत नाहीये," ती म्हणाली, "लिफ्टमधून उतरतोय."

शिक्षकाचे कान चेंडूपेक्षा लाल झाले. चेंडू त्यानेच केला होता.

"पडदेवाल्यांना चेंडूतलंही कळतं वाटतं?"

"पडण्यातलं कळतं. कापड अंगावर कसं पडतं ते बघणं हेच माझं काम."

"मग बसा. दाखवा पाडून." त्याने खुर्ची पुढे केली.

तोंडातून शब्द गेला होता, आणि माघार घेणं तिच्या घराण्यात नाही. बसली. तासाभराने तिचा चेंडू जमिनीतून आरपार निघून गेला. तो खो खो हसला. दुसऱ्या दिवशी ती फी भरूनच आली. तिच्या तिखट जिभेवरून त्याने तिचं नाव पाडलं – कात्री.

तीन महिने असे गेले. आता शुक्रवारी बॅच संपत होती. पाच वाजता क्लासच्या मोठ्या मॅडम येणार, प्रत्येकाची आठ सेकंदांची फिल्म बघणार. पास होईल त्याला सोमवारपासून इथेच पुढच्या वर्गात जागा. नापास होईल त्याने घरचा रस्ता धरायचा. म्हणजे पुन्हा हा जिना चढायला तिच्याकडे कारणच उरणार नव्हतं. पडदे शिवून झाले होते, आणि शिवले होते असे पक्के की दहा वर्षं उसवायचे नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्याच शिलाईचा राग आला.

तिच्या फिल्ममध्ये एक मुलगी चालत दाराशी जाते, थांबते, मागे वळून बघते. एवढंच. पण ती मुलगी थरथरायची. थंडी वाजून ताप भरल्यासारखी.

कारण साधं होतं. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. त्यातली मोक्याची तेवढी आपण मांडायची, त्यांना की-फ्रेम म्हणतात. मधली यंत्र भरतं. पण एक टाका सुटला की सगळं उसवतं, हे हिच्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. हिने चोवीसच्या चोवीस स्वतः मांडली. हात जरा जरा हलायचा, आणि तेवढी तेवढी मुलगी हलायची.

"मधलं सोडा हो," तो काकुळतीला यायचा. "मशीन भरेल."

"आणि नाही भरलं तर?"

"विश्वास नावाची एक गोष्ट असते, कात्रीबाई."

"ठेवला होता तुमच्या चेंडूवर. बघितलं काय झालं ते."

बोलायची तिखट, पण शुक्रवारी पाचची वेळ असताना ती तीनलाच जिना चढून आली. फाइल उघडली. बटण दाबलं.

मुलगी चालू लागली... पाण्यासारखी! थरथर नाही, काही नाही.

आधी तिला आनंदाने उडीच मारावीशी वाटली. मग तिने मान वळवली. शिक्षक आधीच स्वच्छ असलेला फळा पुसत होता.

"कुणी केलं हे?"

"काय?... अच्छा, ते. सकाळी जरा लवकर आलो होतो. थोडंसंच –"

"थोडंसंच? मुलगी माझी आणि पाय तुमचे? आयत्या बिळावर नागोबा व्हायला आले नव्हते मी इथे!"

"अहो, पण पास व्हाल ना!"

"तुम्ही पास व्हाल. मी पुढच्या वर्गात चार दिवसांत उघडी पडेन."

त्याचं डस्टर हातातच राहिलं.

कापड कापण्याआधी कागदावरचा मूळ नमुना जपून ठेवायचा, ही आत्याची शिस्त. म्हणून तिने बुधवारची फाइल वेगळ्या नावाने ठेवलेली होती. तिने ती थरथरणारी मुलगी उघडली. सव्वातीन झाले होते. सगळी चित्रं जोडून फिल्म बाहेर काढायला, रेंडर म्हणतात त्याला, वीस मिनिटं लागायची. म्हणजे साडेचारला हात थांबायलाच हवा.

आणि मग, कशी कोण जाणे, तिला पहिली बाही आठवली. आत्याने लावायला दिली होती, आणि तिने खांद्यापासून काखेपर्यंत टाचण्याच टाचण्या मारल्या होत्या. बाही चुरगळून गेली. आत्याने सगळ्या काढल्या, चारच लावल्या. म्हणाली, "कापडालाही थोडं चालू दे की गं!"

तिने डोळे मिटले आणि मधलं सगळं पुसून टाकलं. एका पावलाला चारच चित्रं ठेवली – टाच टेकली, भार आला, पाय ओलांडला, अंग वर उचललं. चार टाचण्या.

तो येऊन शेजारी बसला. दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबून.

"बोलू?"

"नाही."

"श्वास घेऊ?"

"हळू."

चार वाजून छत्तीस मिनिटांनी रेंडर सुरू झालं. हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. चाळीस टक्के. सत्तर. त्र्याण्णववर येऊन पट्टीने बूड टेकलं ते हलेचना. खिडकीतला निळा पडदा एकटाच हलत होता.

"ते मी तुम्ही पास व्हावं म्हणून नव्हतं केलं," तो हळूच म्हणाला.

"मग?"

"सोमवारी ही खुर्ची रिकामी दिसेल... ते मला बघवणार नव्हतं. म्हणून."

ती स्क्रीनकडेच बघत राहिली. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव... शंभर. आणि जिन्यात मॅडमच्या चपला वाजल्या.

मॅडमनी फिल्म एकदा बघितली. पुन्हा लावायला सांगितली. मुलगी चालली, दाराशी थांबली, मागे वळली.

"तिसऱ्या पावलाला पाय घसरतोय," मॅडम म्हणाल्या.

ती खुर्चीवरून उठायला लागली.

"पण ती वळून कुणाकडे तरी बघतेय. ते शिकवून येत नाही. बसा पुढच्या वर्गात."

मॅडम गेल्या, पोरं गेली. पडदे ओढायच्या निमित्ताने ती मागे राहिली. तो उगाच वायरी गुंडाळत होता.

"ती मुलगी... बघते कुणाकडे?" त्याने विचारलंच.

ती येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. कमरेवर हात.

"ऐका. शिक्षक म्हणून तुम्ही नापास. चेंडू लिफ्टमधला, सबुरी नावाला नाही, वर दुसऱ्याच्या कामात नाक. पण शेजारी गप्प बसता येतं तुम्हाला, आज बघितलं मी. सोमवारी तसेच बसा. माउसला हात लावायचा नाही – माझा दुसरा हात रिकामाच असतो."