ओला भुसा

पहिल्याच दिवशी त्याच्या खांद्यावरचं पोतं उसवलं आणि अर्धा भुसा तिच्या डोक्यावर सांडला. वखारीतला लाकडाचा भुसा तो फळ्यांच्या कारखान्यात पोचवायचा, आणि ती तिथे सोयाबीनच्या पिठाचा डिंक बनवायची. छातीत भरणाऱ्या उग्र वासाच्या डिंकाशिवाय भुशाच्या फळ्या करून दाखवायच्याच, असा तिनं ध्यास घेतला होता.

“माल असा डोक्यावर ओततात का, भुसेराव?”

“नमुना दाखवला… आवडला असेल तर रोज आणीन.”

ती खळखळून हसली. झालं! गडी कामातून गेला.

त्यानंतर दोन खेपांचं काम तो चार खेपांत करू लागला. डिंक ढवळताना तिच्या नाकाला पीठ लागायचं. तो बोटानं दाखवायचा, ती मुद्दाम गाल पुसायची. मनातलं मात्र त्याच्या ओठांवर काही येईना.

एक दिवस ती म्हणाली, “गुरुवारी मोठ्या कारखान्याची माणसं फळी बघायला येतायत. पसंत पडली, तर मला तिकडेच नेणार. लांब आहे रे… खूप.” आणि त्याच्याकडे बघत राहिली.

“छान की,” तो म्हणाला. आणि उगाचच रिकामी पोती झटकू लागला.

बुधवारी त्यानं पोत्यांत पाणी शिंपडलं. गुरुवारी फळी दाबणाऱ्या गरम प्रेसमध्ये वाफ कोंडली आणि पाहुण्यांदेखत फळी फाटकन फुटली. ती कोपऱ्यात जाऊन रडू लागली. “माझा डिंकच कुचकामी. दोन वर्षं पाण्यात गेली.”

त्याला ऐकवेना. “डिंक चांगलाय. भुसा ओला होता… मीच केला. तू जाऊ नयेस म्हणून.”

तिचं रडू थांबलं. “सगळ्यांच्या पोत्यात मीटर खुपसून मी ओल बघते,” ती हळूच म्हणाली. “तुझ्या पोत्यात कधीच नाही बघितली.”

त्यानं पाहुण्यांपुढे हात जोडून चूक कबूल केली, त्यांना थांबवून घेतलं आणि दुपारभर उन्हात भुसा वाळवला. नवी फळी खणखणीत निघाली. पाहुण्यांनी तिला तिथल्या तिथे पसंती दिली.

आठवड्यानं ती निघाली. बसच्या दाराशी त्यानं एकदाचं विचारलं, “थांबशील?”

“आता? रोज तुझं पोतं तपासत राहीन मी. मला नाही जमायचं ते.” ती पायरी चढली, मग वळली. तिचे डोळे भरले होते. “त्या दिवशी ‘छान की’ म्हणालास. थांब म्हणाला असतास ना वेड्या… थांबले असते. म्हणून तर तुला आधी सांगितलं होतं.”

बस गेली. तो रस्त्यात उभा राहून रडला, आणि कुणापासून त्यानं ते लपवलं नाही.