किनाऱ्यावर कोण बसणार?

"पुढच्या महिन्यापासून बोरीचं औषध बंद!"

चांग-होनं भाताची वाटी टेबलावर आपटली आणि त्याच्या आईनं, ओक्सुननं, उचललेला घास खाली ठेवला... कोपऱ्यात, उबदार जमिनीवर पडलेला म्हातारा कुत्रा बोरी त्याच क्षणी खोकला. जवाच्या रंगाचं ते थकलेलं अंग खोकल्यासरशी गदगदा हललं, आणि ओक्सुनला वाटलं, आपल्याच छातीत कुणीतरी करवत ओढतंय!

"अरे, पण त्याचं हृदय मोठं झालंय. डॉक्टर म्हणाले, गोळ्या थांबवू नका..."

"डॉक्टरांना म्हणायला काय जातंय? दर महिन्याला शहरात न्या, छातीचा फोटो काढा, रक्त तपासा! वादळानं अर्धी संत्री मातीत घातली, आई. बाग जगवू की कुत्रा जगवू, तूच सांग!"

"अहो, जेवताना तरी..." सून हेरान पुटपुटली.

"मग कधी बोलू? तो मेल्यावर?"

मुलगा खोटं बोलत नव्हता, हेच तर दुःख होतं! पण हाच बोरी एका हिवाळ्यात कुणी घरी आणला होता? चांग-होचा बाप बोटीवर गेला तो परतलाच नाही, आणि त्यानंतर आठवडाभरात चांग-हो जाकिटाच्या आत एक कुडकुडतं पिल्लू घेऊन दारात उभा राहिला होता. म्हणाला होता, "आई, तू शंख-शिंपले काढायला समुद्रात बुडी मारायचीस, तेव्हा लहानपणी मी किनाऱ्यावर बसायचो. आता बागेमुळे जमत नाही. हा बसेल." आणि बोरी बसला! ऊन असो, वारा असो, तिच्या घडी केलेल्या कपड्यांवर हनुवटी टेकून, ती वर येईपर्यंत पाण्यावरची नजर न काढता... चांग-हो हे विसरला होता का? की मुद्दाम आठवत नव्हता?

गेल्या वर्षी पाण्यात तिला भोवळ आली, तेव्हा चांग-होनं तिचं बुडी मारणं बंद केलं आणि तिचा रबरी पोशाख कुणालातरी देऊन टाकला. पण लग्नाआधीचा सुती पोशाख पेटीच्या तळाशी होता. दुसऱ्या दिवशी ओक्सुन तो पिशवीत घालून निघाली. "म्हाताऱ्यांच्या मंडळात पत्ते खेळायला जाते," तिनं सुनेला सांगितलं.

त्या गावात किनाऱ्यालगतचं उथळ पाणी बुडी मारणाऱ्या म्हाताऱ्या बायकांसाठी राखलेलं असे. त्याला आजींचा समुद्र म्हणत. तरण्या बायकांनी तिथला एक शंखही उचलायचा नाही आणि आजींनी खडकांची रांग ओलांडून पलीकडच्या खोल पाण्यात जायचं नाही.

"नवऱ्यासाठी बुडालो, पोरांसाठी बुडालो," बायकांची म्होरकी पिल-नाम शेकोटीपाशी खो खो हसली, "आणि आता कुत्र्यासाठी? ओक्सुन, बढती झाली गं तुझी!"

"नवऱ्यापेक्षा बरा. दारू पिऊन भांडत तरी नाही," ओक्सुन म्हणाली. बायका हसल्या. पिल-नाम मात्र लगेच गंभीर झाली. "सुती कपड्यात थंडी भरेल. आणि रांग ओलांडलीस तर मीच चांग-होला सांगेन, हं!"

शंख विकून गोळ्या येऊ लागल्या. ओक्सुन त्या अंगणात रांजणांच्या मागे लपवी आणि रताळ्याच्या तुकड्यात घालून बोरीला भरवी. "आज जिंकलात की हरलात?" हेरान तिच्या ओल्या केसांकडे पाहत विचारी. "बरोबरी," ती म्हणे, आणि मान फिरवी. पण जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती! पाण्यात असली की बोरीचा खोकला आठवे, घरी असली की भरती-ओहोटी आठवे... उभी राहिली तरी चैन पडेना, आणि बसली तरी उठून पळावंसं वाटे. त्यातच ती बोरीला गुपचूप तपासून आणायला गेली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, त्याच्या फुप्फुसात पाणी साचतंय, आता आणखी एक औषध लागेल. शंखांवर ते भागणार नव्हतं.

त्या दिवशी तिनं खडकांची रांग ओलांडली.

खाली, कपारीत, तळहाताएवढा अबलोन दिसला! कानाच्या आकाराचा तो महाग शिंपला खडकाला चिकटून बसला होता... श्वास संपत आला होता. तिची आई सांगायची, श्वासाच्या शेवटी दिसलेला अबलोन आपला नसतो, तो समुद्राचा गळ असतो. हे तिला माहीत होतं. तरीही तिनं मनगटाला दोरीनं बांधलेली लोखंडी पट्टी त्याच्याखाली सारली, आणि शिंपल्यातल्या त्या जिवानं ती खडकाशी करकचून दाबून धरली. पट्टी अडकली. दोरीत हात अडकला!

छाती फुटायला आली. डोळ्यांपुढे अंधार दाटला, आणि त्या अंधारात तिला ना देव दिसला, ना नवरा... दिसले ते घडी केलेले कपडे, आणि त्यांच्यावर कुणीच नाही! तिनं जिवाच्या आकांतानं मनगट पिळलं. कातडी सोलली, हात सुटला.

ती वर आली. बुडी मारणाऱ्या बायका वर येताना सोडतात ती शीळ तिच्या ओठांतून निघाली, पण किती बारीक, किती फाटकी!

किनाऱ्यावर बोरी उभा होता. घरातून निसटून, खोकत, धापा टाकत तो सगळी उतरण उतरून आला होता. आणि त्याच्या मागोमाग आलेला चांग-हो कमरेएवढ्या पाण्यात धावत होता.

"आई! आई, हात दे!"

त्यानं तिला ओढून खडकावर बसवलं. "चिडू नकोस रे," ती धापा टाकत म्हणाली, "खर्च तुझ्यावर नको म्हणून..."

"चिडू नको?" तो ओरडला आणि तिथंच त्याचा आवाज फुटला. "लहानपणी तू खाली गेलीस की मीसुद्धा श्वास धरायचो, आई! तुझी शीळ ऐकू येईपर्यंत सोडायचो नाही. कितीदा चक्कर येऊन पडलो, तुला ठाऊक तरी आहे? तू परत पाण्यात जाऊ नयेस म्हणून मी तुझा पोशाख देऊन टाकला... आणि बोरीचं औषध तोडून मीच तुला इथं ढकललं!"

ओक्सुननं त्याचं डोकं ओल्या मांडीवर ओढलं. "वेड्या... मला सांगायचंस तरी!"

"तू तरी मला कुठं सांगितलंस?"

बोरी दोघांच्या मधे शिरला आणि तिचं सोललेलं मनगट चाटू लागला.

दुसऱ्या दिवशी चांग-हो स्वतः बोरीला घेऊन डॉक्टरांकडे गेला. "एवढं आम्हाला परवडत नाही," तो मान खाली घालून म्हणाला, "परवडेल असं काही सांगा." इतके महिने घरातल्या कुणीही हे तोंड उघडून म्हटलंच नव्हतं! डॉक्टरांनी दर महिन्याचा छातीचा फोटो बंद केला. वाचलेल्या पैशांत नवं औषध बसलं. म्हणाले, तो झोपला की श्वास मोजा; वाढले तर लगेच या, नाहीतर घरीच बरा.

मग चांग-हो बागेतून आला की हात धुऊन बोरीशेजारी बसू लागला. ओठांतल्या ओठांत मोजू लागला.

ओक्सुनला थंडी बाधून ताप भरला होता. एका दुपारी गोधडीखाली ग्लानीत असताना तिला तेच पुटपुटणं ऐकू आलं. एक... दोन... तीन... तिला बरं वाटलं. बोरी झोपला असेल.

इतक्यात अंगणातून खोकला आला, आणि पाठोपाठ हेरानचा आवाज, "बोरी, रांजणापासून लांब हो रे बाबा! इकडे उन्हात ये."

ओक्सुनचा जीव थबकला. बोरी तर बाहेर आहे... मग हा इथं, अगदी उशाशी बसून, कुणाचे श्वास मोजतोय?

तिनं डोळे उघडले नाहीत. पापण्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरलं तरी उघडले नाहीत. मुलाचं मोजणं चुकू नये म्हणून ती हळूहळू, एकसारखा श्वास घेत राहिली.