घड्याळ लावून चाललेल्या वाटा

‘कड्याचं टोक – वीस मिनिटं’ असं पाटी सांगत होती आणि मला चालून चाळीस झाली होती. धुक्यातल्या वळणावर एका दगडावर बसून मी पाटी लिहिणाऱ्याचा मनसोक्त उद्धार करत होते, तोच मागून रंगाचा डबा घेतलेला एक उंच माणूस आला.

“पाटी माझी आहे,” तो म्हणाला. “वीसच लागतात... मला.”

“मग खाली तसं लिहा ना – फक्त लांब पायांसाठी.”

तो हसला. आधी डोळ्यांनी, मग ओठांनी.

मी नगरपालिकेत तीन महिन्यांसाठी लागले होते, गावाच्या इतिहासाची पुस्तिका लिहायला. तो तिथलाच पाट्या रंगवणारा. पाहुण्यांच्या तक्रारी वाढल्या, तसं साहेबांनी फर्मान काढलं: दोघांनी मिळून सगळ्या वाटा पुन्हा चाला, घड्याळ लावून.

मग आम्ही चाललो. तळ्याची वाट, बंद पडलेल्या खाणीची, जुन्या हवामानचौकीची – जिथून वादळाआधी मेंढपाळांसाठी लाल निशाण फडकवत. तो आजोबांकडून ऐकलेलं सांगायचा, मी जुन्या दप्तरात सापडलेलं. पटलं नाही की तिथेच थांबून भांडायचो. वाट मोजून झाली की तो नवी वेळ पाटीवर रंगवायचा. निसरडा दगड आला की तो हात पुढे करायचा आणि दगड मागे पडला तरी... हात तसाच. आता त्याच वाटांवर लेकीला घेऊन जाताना माझा जीव मुठीत असतो. तेव्हा मला दरी दिसतच नव्हती.

खालच्या शहरातून मला कॉलेजच्या नोकरीचं पत्र आलं होतं. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. तो ‘थांबा’ म्हणेना, आणि मी आपणहून विचारणार तरी कशी?

गुरुवारी साहेबांनी दोघांना बोलावलं. एका सत्तरीच्या आजींनी लिहिलं होतं, की नव्या पाट्यांवरच्या निम्म्या वेळात त्या पोहोचतात. साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, चालत होतात की रांगत?

मी मान खाली घातली.

“चूक माझी, साहेब,” तो म्हणाला. “मी मुद्दाम हळू चाललो. वाटा संपल्या की या जातील... म्हणून.”

शेजारच्या टेबलावरचा टाइपरायटर थांबला.

“घड्याळ माझ्याकडे होतं,” मी कसंबसं म्हणाले. “मला कळत होतं सगळं.”

साहेबांनी पत्राची घडी घातली. वाटा परत मोजा, म्हणाले, पण या वेळी वेगवेगळे.

जिन्यात त्याने मला गाठलं. उद्या काय कळवणार, असं विचारलं. ते तुमच्यावर आहे, मी म्हटलं. तो दोन पायऱ्या खाली उभा होता, त्यामुळे पहिल्यांदाच आमचे डोळे समोरासमोर आले.

“जाऊ नका,” तो म्हणाला. मग हळूच – “जाऊ नकोस.”