विभूतीच्या डबीतलं सिमकार्ड

आमच्या घरात एक नियम आहे आणि तो का आहे, हे विचारायचं नाही. मेलेल्या माणसाचं सिमकार्ड पुन्हा कशातच घालायचं नाही. आईचं कार्ड तीन वर्षं देव्हाऱ्यात, विभूतीच्या डबीत पडून होतं. मी कॉम्प्युटरची पदवी घेतली, सोलापुरात नोकरीला लागले. नियम तसाच राहिला.

आई गेली ती येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, रात्री. त्या दिवशी आमचं नळदुर्गातलं अख्खं घर शेतावर जेवतं आणि दिवेलागणीला परत येतं. आई मागं राहिली, कारण त्या आठवड्यात मोटारीला वीज रात्रीची होती आणि गव्हाला पाणी द्यायचं होतं. सकाळी ती पंपाच्या खोलीबाहेर सापडली. तिचा बटणांचा फोन पाटाच्या पाण्यात पडला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. कळ आल्यावर तासाभरात आणलं असतं तर वाचली असती.

बाबा ट्रक घेऊन हैदराबादला गेले होते. घरात जीप होती आणि बाबांचे भाऊ, ईरण्णाकाका, होते.

"मला फोन आलाच न्हाय," काका म्हणाले. पुढं महिन्याभरात त्यांनी नंबर बदलला. कंपन्यांचे फोन लई येतात म्हणे.

यंदा येळवशीला आम्ही शेतावरून परतलो तेव्हा वीज गेलेली होती. ओसरीत कंदील होता. काका, बाबा, लक्ष्मम्माकाकी, मी आणि काकांची मुलगी अर्पिता, एवढेच जण. जेवणं शेतावरच झालेली. कुणाला झोप नव्हती.

"काका," मी म्हणाले, "तो सिमकार्डाचा नियम काढला कुणी?"

"झालं हिचं सुरू," काकी म्हणाल्या.

काकांनी तंबाखू मळली. मला वाटलं, नेहमीसारखं रागावतील. पण ते शांतपणे म्हणाले, "सांगतो. ऐकीव न्हाय. माझ्या ओळखीच्या पोराचं झालेलं हाय. विरेशचं. हायवेला ढाब्याशेजारी मोबाईलचं दुकान व्हतं त्याचं. एका रात्री शटर ओढायच्या टायमाला एक माणूस आला. हातात कार्ड. मयताचं. म्हणला, ह्यात जे नंबर असतील ते पुसून टाक."

"फोनमध्ये घालून पुसायचे की," अर्पिता म्हणाली.

"विरेश म्हणला, फोन नको. त्याच्याकडं एक बारकं यंत्र व्हतं. त्यात कार्ड घातलं, वायर कॉम्प्युटरला लावली. काळा पडदा. चित्रं न्हायती, काही न्हाय. आपण हुकूम टाइप करायचा, खाली उत्तर येतं. त्यानं आधी वाचायचा हुकूम दिला. त्या कार्डावरनं शेवटी लावलेले नंबर आले. दहा ओळी. दहाही ओळींत एकच नंबर."

"एकालाच दहादा? लोनवाले असतील."

"गप गं," काकी म्हणाल्या.

"मग पुसायचा हुकूम दिला. ओळ पुसली की तिथं नुसते एफ येतात. एफ, एफ, एफ. दहाही ओळी साफ. माणूस उठला. विरेश म्हणला, थांबा, एकदा बघून घेतो. त्यानं पुन्हा वाचलं..."

काका थांबले. हायवेवरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज पार विरेपर्यंत ते तंबाखू मळत राहिले.

"पयली ओळ भरलेली. तोच नंबर."

"कसं शक्य आहे?" मी म्हणाले. "कार्ड फोनमध्ये नाही. रेंज नाही."

"तेच तर. त्यानं पुन्हा पुसलं. पुन्हा वाचलं. दोन ओळी... पुन्हा पुसलं. तीन... आन् मग त्या माणसाच्या खिशात फोन वाजला."

अर्पिता माझ्याजवळ सरकली.

"वाजतच राहिला. खिसा थरथरत व्हता. मांडीला गरम लागत व्हतं. निखारा ठेवल्यावानी."

"उचलला?"

"न्हाय... घरी आला. कार्ड विभूतीत पुरलं. तवा कुठं थांबलं."

बाबा मान खाली घालून बसले होते. कंदिलाची वात चरचरली.

मी म्हणाले, "काका, विरेशला कसं कळलं?"

"काय?"

"मांडीला गरम लागत होतं ते."

काकांचा हात तंबाखूवर थांबला.

मी उठले. देव्हाऱ्यातून डबी आणली. बॅगेत लॅपटॉप होता. कार्ड वाचायचं तसलं यंत्रही होतं. खोटं कशाला सांगू, मी ते याचसाठी घेतलं होतं.

"शिवे, ठेव ते."

"ब्याड, शिवू, ब्याड!" नको, नको म्हणत होत्या; घाबरल्या की काकी कानडीत बोलतात.

कार्डावरची विभूती मी ओढणीला पुसली. कार्ड सरकवलं. काळा पडदा उघडला. वाचायचा हुकूम दिला.

कार्डात अंक जोडीजोडीनं उलटे ठेवलेले असतात. ते सरळ करून दाखवायला एक क्षण लागतो.

एफ नव्हते. दहा ओळी होत्या. दहाही भरलेल्या.

अर्पितानं पुढं वाकून अंक वाचले. पाच वाचले. सहावा तिनं पाठ असल्यासारखा म्हटला. मग थांबली.

"हा तर पप्पांचा नंबर आहे."

बाबांनी तीन वर्षांत पहिल्यांदा काकांकडं सरळ बघितलं. "जुना?" त्यांनी विचारलं.

अर्पितानं मान हलवली. नाही.

"नवा," ती म्हणाली. "आत्ताचा."

आई गेल्यावर घेतलेला. आईला कधीच माहीत नसलेला.

कुठंतरी कुत्रं भुंकलं आणि मधेच गप्प झालं.

"पूस ते," काका म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "पूस, शिवे... हात जोडतो. पूस आन् डबीत ठेव."

"वडील माणसाचं ऐकावं गं," काकी पुटपुटल्या.

तीन वर्षं ऐकलं होतं. ती दहादा बोलावत होती आणि तिच्या हाकेवर आम्ही राख टाकून ठेवली होती. वर त्या राखेला रोज नमस्कार.

"पुसणार नाही," मी म्हणाले. "डबीतही ठेवणार नाही. ते इथंच राहील, सगळ्यांसमोर. आणि काका, आता फोन वाजला ना, तर तुम्ही उचलायचा."

काकांनी खिशावर, मांडीशी, दोन्ही हात दाबून धरले होते... आणि त्यांचे हात थरथरत होते, की हातांखालचं काही, ते कंदिलाच्या उजेडात मला कळलं नाही.