पान एक्केचाळीस ते सत्तेचाळीस

त्या कॉरिडॉरमध्ये प्लगपॉइंट एकच होता, आणि त्यात त्याचा चार्जर होता. एवढ्यावरून सगळं सुरू झालं. आता सांगताना माझं मलाच हसू येतं... म्हणजे हसू नाही, पण रडू येण्याचे दिवस संपलेत म्हणून हसू म्हणायचं.

आत बंद दाराआड नव्या बसस्थानकाच्या जागेवरून बैठक चालली होती. मी बाहेर बाकावर, मांडीवर माईक, फोनची बॅटरी दोन टक्के. तो समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, माईकवर भला मोठा अकराचा आकडा. आमच्या शहराच्या बातम्या देणारी चॅनेलं दोनच, सात आणि अकरा. मी सातची बातमीदार. म्हणजे समोर उभा होता तो शत्रूच.

"काढा तो चार्जर," मी म्हणाले.

"का? सरकारी वीज आहे. सगळ्यांची."

"म्हणूनच काढा. सगळ्यांत मीपण येते."

त्याने मान वर केली. डोळ्यांत असा काही खट्याळपणा, की दोन द्याव्यात ठेवून. "पाच मिनिटं तुमची, पाच माझी. पण एक अट आहे. आत काय ठरलं ते आधी कळलं तर मला सांगायचं."

"स्वप्नात."

"चालेल. किती वाजता येऊ?"

आगाऊ कुठला! मी मान खाली घालून वायरचा गुंता सोडवत बसले. गुंता नव्हताच मुळी. कान मात्र चांगलेच तापले होते.

त्या दिवसापासून मी त्याची 'सात' आणि तो माझा 'अकरा'. रोज कुठे ना कुठे गाठ पडायचीच. कोर्टाच्या पायऱ्यांवर, अग्निशमन केंद्राच्या आवारात, शाळेच्या निकालाच्या दिवशी फाटकापाशी. ज्याची बातमी आधी लागेल तो जिंकला, हरेल त्याने कोर्टामागच्या टपरीवर चहा पाजायचा. आणि दिवसभर मेसेज.

"उद्या कोर्टात तुझ्या आधी. हिंमत असेल तर अडव."

"अडवते. जिन्यातच."

"सात, आज चार मिनिटं उशीर. रडलीस का?"

"छे. तुझा टाय बघून हसत होते, म्हणून उशीर झाला."

मला चहावरची साय अजिबात चालत नाही. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. चौथ्या की पाचव्या दिवशी त्याने माझा कप हातात घेतला, चमच्याने साय अलगद उचलली, स्वतःच्या कपात टाकली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. मी काय बोलणार? माझं सगळं लक्ष त्या चमच्याकडे. असं कुणी बघून ठेवतं का आपल्याला... त्या दिवशी घरी जाताना मी दोन स्टॉप आधीच उतरले आणि चालत गेले.

आईच्या नजरेतून काय सुटणार! कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने विचारलं, "हा अकरावाला घरी कधी यायचा?"

"आई, तो प्रतिस्पर्धी आहे माझा."

"तुझे बाबापण होते. लग्नानंतर चांगली पाच वर्षं," आई म्हणाली आणि टॉवेल झटकला.

आता थोडं समूहाबद्दल सांगायला हवं. दूरच्या मोठ्या शहरात एक कंपनी होती, तिच्याकडे चाळीसेक चॅनेलं. सगळे तिला नुसतं 'समूह' म्हणायचे. आमचं सात तिने आधीच घेतलं होतं. आता तिला अकरा हवं होतं. पण प्रसारण आयोगाचा नियम साफ होता: एका शहरात एका मालकाची दोन चॅनेलं नकोत. लोकांना एकाच तोंडून सगळं ऐकावं लागू नये, म्हणून. मग समूहाने नामी शक्कल काढली. मालकाच्या जावयाच्या नावाने एक छोटी कंपनी उघडली आणि अकराचा परवाना तिच्या नावावर केला. कॅमेरे समूहाचे, इमारत समूहाची, जाहिराती समूह आणणार, आणि जावई नुसता सही करणार. आयोगाने सहा महिन्यांची तात्पुरती परवानगी दिली. दोन्हींच्या बातम्या खरंच वेगळ्या राहतात का, हे बघून मग कायमचं काय ते ठरणार होतं.

आमच्या काकांना, म्हणजे सातच्या संपादकांना, पहिल्याच दिवशी वास आला होता. "कायमची परवानगी मिळू दे फक्त," ते म्हणायचे. "दोन न्यूजरूमची एक करतील. आपल्यातले निम्मे घरी."

पण मी कुठली ऐकतेय! मी तेव्हा हवेत होते. कारण त्या सहा महिन्यांत समूहाने गाड्या कमी केल्या. दोन चॅनेलांना मिळून एक गाडी, एक कॅमेरा. म्हणजे मागच्या सीटवर मी आणि अकरा, मध्ये कॅमेऱ्याची बॅग, आणि खड्डा आला की ती बॅगही मध्ये राहायची नाही. कोर्टाची बातमी मी दोघांची लिहायची, रस्त्यांची तो दोघांची. संध्याकाळी मी त्याचं वाक्य वाचायची, तो माझं. नियम राजरोस मोडला जात होता, आणि मला वाटत होतं, माझं नशीब उघडलंय. अक्कल गहाण पडते म्हणतात ना, ती अशी.

प्रत्येक चॅनेलला एक सार्वजनिक फाईल ठेवावी लागते. परवाना, मालकी, तक्रारी, आयोगाला दिलेले कागद, सगळं त्यात. कुणीही कामाच्या वेळात यावं आणि वाचावं. आमच्याकडे ती वाचायला आख्ख्या शहरातून एकच माणूस यायचा, एक निवृत्त मास्तर. दर बुधवारी चष्मा पुसत यायचे, पहिल्या पानापासून वाचायचे आणि कुठे शिक्का राहिला असेल तर दाखवून जायचे. आम्ही त्यांची थट्टा करायचो.

कायमच्या परवानगीवर आयोगाची जाहीर सुनावणी व्हायची होती, तिच्या आधीच्या बुधवारी मास्तर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चेहरा असा, की जणू चूक त्यांचीच आहे.

"बाळ... पान एक्केचाळीस ते सत्तेचाळीस. तूच वाच. मी दोन ओळी वाचल्या आणि मिटलं."

मी वाचलं. वर ठळक अक्षरात मथळा होता: 'दोन वाहिन्यांमधील स्पर्धेचा पुरावा.' आणि खाली आमचे मेसेज. उद्या तुझ्या आधी. हिंमत असेल तर अडव. अडवते. रडलीस का. सात पानं, प्रत्येकावर क्रमांक, प्रत्येकावर शिक्का. आणि काय सफाईने निवडलेले! 'अडवते. जिन्यातच' हे ठेवलं होतं. त्याच्याखाली मी लिहिलं होतं, 'ये ना लवकर, वाट बघतेय'. ते कापलं होतं. एडिटिंग त्याचं पहिल्यापासूनच चांगलं.

शहरातल्या कुणीही यावं, खुर्ची ओढावी आणि माझं मन पानापानाने उलटावं, तेही सकाळी दहा ते पाच या वेळात!

टपरीवर तो आधीच येऊन बसला होता. माझा चेहरा बघूनच त्याला कळलं.

"सात, आधी ऐकून घे..."

"बोल."

"समूहाने पुरावा मागितला. दोन्ही चॅनेलं एकमेकांशी भांडतात असं दाखवायचं होतं. परवानगी नाही मिळाली तर अकरा बंद पडेल. बावीस माणसं आहेत आमच्याकडे."

"म्हणून माझे मेसेज दिलेस."

"आपले."

"मला विचारलंस?"

दोन कप समोर आले. दोन्हींवर साय धरत होती आणि त्याचा हात काही हलला नाही.

"परवानगी मिळाली, की न्यूजरूम एकच होणार," मी म्हणाले. "तुलाही ठाऊक आहे. आमचे अठरा आणि तुमचे बावीस, त्यातले निम्मे जाणार. त्या एका न्यूजरूमचा प्रमुख कोण होणार?"

त्याने रस्त्याकडे बघितलं. "...मला विचारलंय."

"अच्छा."

"तुलाही ठेवतील. मी बोललोय तुझ्यासाठी."

"ठेवतील? मी काय कपाट आहे ठेवायला?"

"सुनावणीत तुला एवढंच विचारतील, हे मेसेज तुझे का. हो म्हण, आणि खाली बस. बास." मग त्याने माझ्या कॉलरवर अडकलेली माईकची वायर हलकेच सरळ केली, नेहमीसारखी. "मग आपल्याला सगळं नीट करता येईल, सात. घर, लग्न... सगळं."

लग्न हा शब्द त्याने पहिल्यांदाच काढला होता. किती महिने मी त्याची वाट बघत होते! आणि तो आला कसा, तर सौद्यात वर टाकल्यासारखा. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हो म्हणावंसंही वाटलं. मी खोटं कशाला सांगू? दोन्ही वाटलं.

सुनावणी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबलामागे आयोगाच्या अधिकारी बाई, शेजारी टाइप करणारा कारकून, आणि समोर आख्खं शहर लोटलेलं. काका पहिल्या रांगेत होते. मास्तर खिडकीशी. आईसुद्धा आली होती, न सांगता. तो दुसऱ्या बाजूला, समूहाच्या वकिलांच्या रांगेत बसला होता.

"हे मेसेज तुमचे?" बाईंनी विचारलं.

"हो."

एवढंच म्हणायचं होतं. पाय तर खाली बसायला तयारच होते.

"यातून दोन्ही वाहिन्यांत कडवी स्पर्धा दिसते, असं अर्जदारांचं म्हणणं आहे. बरोबर?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता.

"नाही, मॅडम. ती स्पर्धा नाही. प्रेम आहे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कारकुनाची बोटं थांबली. "हे नोंदीत घ्यायचं का?" त्याने बाईंना विचारलं.

"घ्या," बाई म्हणाल्या.

मग मी थांबलेच नाही. फोन काढला आणि कापलेल्या ओळी एकेक करून वाचल्या. 'वाट बघतेय.' 'आज दिसला नाहीस, दिवस फुकट गेला.' 'उद्या निळा शर्ट घाल.' चेहरा पेटला होता, आणि आई समोर बसली होती. "गेले सहा महिने अकराची कोर्टाची बातमी मी लिहिते, मॅडम. सातची रस्त्यांची बातमी ते लिहितात. गाडी एक, कॅमेरा एक, कागद एक. आमच्यात स्पर्धा असती तर मी एवढी सुखात नसते."

माझं त्याच्यावर प्रेम आहे, हे मी तोवर त्यालाही कधी सरळ सांगितलं नव्हतं. सांगितलं ते असं, शपथेवर, तीन प्रतींत.

मग त्याला उभं केलं.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

तो उठला. एकदाच, अगदी एकदाच माझ्याकडे बघितलं त्याने. मला वाटलं... काय वाटलं ते जाऊ दे.

"त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय," तो म्हणाला. "माझ्या बाजूने तसं काही नव्हतं. ती स्पर्धाच होती. अजूनही आहे."

'त्यांचा.' सात नाही, तू नाही. मी 'त्या' झाले होते. काकांनी उठून माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कळलं की मी अजून उभीच आहे.

निकाल तीन आठवड्यांनी आला. परवानगी मंजूर. एक गाडी, एक कॅमेरा ही तात्पुरती अडचण असल्याचं समूहाने लिहून दिलं होतं आणि ते ग्राह्य धरलं होतं. आणि पुढे म्हटलं होतं: 'दोन वाहिन्यांच्या प्रतिनिधींनी जाहीर सुनावणीत परस्परांची विधाने ठामपणे खोडून काढली. यावरून दोन्ही वाहिन्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्याचे दिसून येते.' मी ते तीनदा वाचलं. माझं मन मोडलं, तर त्याचासुद्धा यांनी पुरावाच केला! मास्तरांनी म्हणे हरकतीचं पत्र पाठवलं. तेही फाईलला लागलं.

पुढच्याच महिन्यात न्यूजरूम एक झाली. काका गेले, आणखी अठराजण गेले, मी तर पहिल्या यादीतच होते. आता मी एका शाळेच्या कार्यालयात पत्रं लिहिते. त्याचा एकदा फोन आला होता. मी उचलला नाही. दुसऱ्यांदा आला असता तर उचलला असता, पण तो आला नाही.

परवा संध्याकाळी आईने बातम्या लावल्या. सातवर तो. आईने माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईने अकरा लावलं. तिथेही तोच. तेच वाक्य, मध्येच तुटलं होतं तिथून पुढे.

"बंद कर ना गं," मी म्हणाले.

"थांब, उद्या पाणी किती वाजता येणार ते सांगतोय," आई म्हणाली. "दुसरं कुठे कळणार आता?"

खरंच होतं ते. मग मी आईशेजारी बसले आणि तो काय सांगतोय ते शेवटपर्यंत ऐकलं. सकाळी सहा ते सात.